तिघांसाठीचं टेबल

१४ नोव्हेंबर, दुपार

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तू नुसता ‘बोल, बोल’ म्हणतोस आणि मागे तुझी करवत किंचाळत असते, म्हणून लिहायला बसले. इकडे सगळं ठीक. गॅलरीच्या दाराची बिजागरी पुन्हा निखळली आहे. दातांच्या दवाखान्यातली माझी नोकरी चालू आहे. दिवसभर लोकांना ‘आ करा’ म्हणते आणि घरी येऊन स्वतः तोंड मिटून बसते.

बाबांच्या पंचाहत्तरीचं हॉटेलातलं कालचं जेवण कसं झालं म्हणून तू विचारलंस, आणि मी ‘छान’ म्हणाले. छान कसलं! नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. एकामागून एक इतके पदार्थ आले, पण जो गरम असायला हवा तो गार, आणि जो गार हवा तो कोमट. पाण्यासारखं सार. कच्च्या माशाच्या कडा सुकलेल्या. तळलेलं एक पान आलं, ते तेलाने निथळत होतं. प्रत्येक बशीबरोबर वाढणारी मुलगी पाठ केलेलं वर्णन म्हणून दाखवायची. शेवटी बाबा मला म्हणाले, “ठकू, वाढलं का गं, की अजून प्रस्तावनाच चालू आहे?”

वाढलेलं होतं, दादा. त्यांच्या पुढ्यातच होतं.

हे तुला सांगायचं नाही असं त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं होतं. बाबांचा डावा डोळा गेलाय. उजव्यानेही आता उजेड आणि सावल्या एवढंच कळतं. डॉक्टर म्हणाले, आहे ते टिकलं तरी खूप. तू टेबल राखून ठेवलंस तेव्हा तुला हे ठाऊक नव्हतं, म्हणून त्या जागेचा दोष तुला देत नाही. पण तिथे मंद दिवे, काळं टेबल, काळ्या बश्या, आणि बशीच्या कोपऱ्यात लिंबाएवढा घास. बाबांचा काटा रिकाम्या बशीवर खरवडत राहायचा. जन्मभर कॉलेजात गणित शिकवलेला माणूस, समोरचा घास कुठे आहे ते शोधत होता. मी हात धरून दाखवायला गेले तर म्हणाले, “राहू दे. लोक बघतात.”

तरी कोट घालून आले होते. दाढी मला दोनदा तपासायला लावली. का, ते सांगायला नको.

‘काम अडकलंय, येत नाही’ हा तुझा निरोप आम्ही टेबलाशी बसल्यावर आला. मी त्यांना म्हणाले, दादा वाटेत आहे, रस्ता तुंबलाय. त्या चेहऱ्याकडे बघून दुसरं काही तोंडातून निघेना. तिसऱ्या जागेवरही सगळं वाढत होते आणि तसंच उचलून नेत होते.

मग मॅनेजर आला. तिसरं ताट ठेवायचं की काढायचं, हे विचारायला आला असावा. त्याने वाकून खुर्ची जरा मागे ओढली. तो आवाज ऐकून बाबांनी हात पुढे केला आणि त्याचं मनगट धरलं.

“आलास?”

मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. मी बोलायला हवं होतं. तो बिचारा खुर्चीत बसला.

बाबा बोलू लागले. “तुझ्या वर्कशॉपच्या उद्‌घाटनाला मी चारचौघांत म्हणालो, मुलगा रंधा मारतो हे सांगायची लाज वाटते...” आणि त्यापुढे बरंच काही. थांबत, शब्द चाचपत बोलले. आईच्या शेवटच्या दिवसांतही मी त्यांना असं बोलताना ऐकलं नव्हतं. मॅनेजर नुसता ‘हं’ म्हणाला. पुढची बशी येईपर्यंत त्याने हात सोडवून घेतला नाही. तो उठून गेल्यावर मी सांगितलं, दादाला फोन आलाय, बाहेर गेला. उरलेलं सगळं बाबा आवडीने जेवले. कोरड्या भातालासुद्धा ‘वा’ म्हणाले.

टॅक्सीत म्हणाले, “त्याचा हात फार मऊ लागला गं. माझ्या बोलण्याने काम सोडलं की काय त्याने?”

तिथे माझा धीर सुटला. सगळं खरं सांगितलं.

घर आलं. जिन्यात कठड्याला धरून उभे राहिले आणि मला विचारलं, “त्या माणसाचे आभार मानलेस का?”

“नाही.”

“मानायला हवे होते.”

आज सकाळचा चहा गार झाला, तरी हात लावला नाही. मी म्हटलं, दादाला फोन लावून देते, त्याला सांगा. तर म्हणाले, “एकदा बोललो. ते सगळं पुन्हा गोळा करायचं बळ नाही आता. आणि तू त्याला काही कळवू नकोस.” मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. अजून तसेच आहेत. खोलीत मी आहे की नाही, हेही विचारत नाहीत.

मी कळवतेय. पण त्या टेबलाशी ते पुढे काय म्हणाले, ते लिहिणार नाही. मला एकूण एक शब्द आठवतो. तरीही नाही. एका परक्या माणसाने ते तुझ्या जागी बसून ऐकलं, तेवढं पुरे. माझ्या अक्षरात ते तुझ्याकडे फुकट यायला नको. तू आलास तर ते पुन्हा बोलतील, अशी हमीही देत नाही. बहुधा नाही बोलणार. हवापाण्यावर बोलतील, नाहीतर गप्प बसतील.

तरी ये. आणि दारात आलास की नुसता उभा राहू नकोस. आधी आवाज दे. नाहीतर यावेळी ते हात पुढे करणार नाहीत.

तुझ्यावर रागावलेली, वाट बघणारी,
ठकू