करंगळीची जागा

२ नोव्हेंबर

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, आधी हसणार नाहीस असं कबूल कर. तुझे भाऊजी गेल्यापासून त्यांची गिटार खुंटीला टांगलेली आहे. दुपारी शिवणाचं मशीन थांबवलं की ती हळूच वाजते. माझ्यासाठी वाजवायचे तीच धून. कारखान्यातल्या करवतीत डाव्या हाताची करंगळी गेली, तेव्हापासून त्यांना शेवटचा सूर गाठता येत नसे, तिथंच थांबायचे. गिटारही तिथंच थांबते. माझी तर बोबडी वळते. घर विकून तुझ्याकडे यायचं ठरलंच आहे, ते लवकर उरकावं म्हणते.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी ताई

७ नोव्हेंबर

ती. ताईस साष्टांग नमस्कार, वि. वि.

खुशाल ये. खोली तयार आहे. खिडक्यांचे पडदे मात्र तू येऊन शिवशील म्हणून बायकोनं राखून ठेवलेत! पण भुताला भिऊन येऊ नकोस. वाद्यं दुरुस्त करण्यात माझी हयात गेली. तारा जुन्या झाल्या की गंजतात, सैल पडतात, मशीन धडधडलं की झणझणतात आणि ते थांबलं की ऐकू येतं. सोबत नवा संच पाठवतोय. नव्या तारांनी आवाज मोकळा होतो, सूर टिकतो. गिटारला एक गिऱ्हाईकही बघून ठेवलंय. तुझे हात कोरडे, बिनधास्त चढव. भाऊजींचा घाम म्हणजे ॲसिड! बोट टेकलं की आठवड्यात तिथं तार काळी.

लोभ आहे, तो वाढावा.

धाकटा

१६ नोव्हेंबर

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तारा बदलल्या. कशा लखलखताहेत! आवाजही थांबला, तू जिंकलास. खरं तर हायसं वाटायला हवं होतं, पण घर खायला उठलंय. उगाच मशीन थांबवून कान देऊन बसते.

आज गिटार पुसायला घेतली तर नव्या तारांवर काळे डाग. त्यांची बोटं पडायची तिथंच. शप्पथ सांगते, तारा चढवल्यानंतर आजपर्यंत मी हात लावलेला नव्हता.

तुझी ताई

२० नोव्हेंबर

ती. ताईस नमस्कार.

दमट हवेनं गंज धरतो, असं लिहिलं आणि खोडलं. गंज असा बोटाएवढा धरत नाही गं. गिटार काचेच्या कपाटात ठेव, कुलूप लाव आणि किल्ली मला पाठव. ती मिळाली की लगेच गाडी घेऊन निघतो. तुला तिथं एकटं ठेवायला जीव धजत नाही.

धाकटा

२४ नोव्हेंबर

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

किल्ली पोचली असेल. गाडी आणू नकोस.

काल दुपारी मशीन थांबवलं आणि बंद कपाटातून धून आली. नेहमीच्या जागी थांबेल म्हणून मी श्वास रोखला. ती थांबली नाही. शेवटचा सूर लागला, स्वच्छ लागला. मी किती रडले, काय सांगू! आज काचेतून पाहिलं, तर करंगळी पडायची त्या जागी तारेवर नवा डाग आहे. त्यांचं बोट त्यांना परत मिळालंय रे.

आता मला भीती वाटत नाही. गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळव. घर विकायचं नाही. पडदे इथून शिवून पाठवीन. किल्ली परत धाड आणि सोबत तारांचे दोन संच दे. ह्यांच्या हातात तारा टिकत नाहीत, तुला ठाऊकच आहे.

लोभ आम्हा दोघांवर राहू दे.

तुझी ताई