दोन्ही उमेदवारांचा सरावाचा शत्रू

तीर्थस्वरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार, आणि वर एक जास्तीचा. मागच्या पत्रात घाईघाईत तो राहून गेला, आणि तू आईला फोन करून "पोरगं कॉलेजबरोबर नमस्कारही सोडून बसलं की काय?" असं विचारलंस, हे मला कळलं आहे. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना, असं डॉक्टरांनी विचारल्यावर तू "दोन्ही वेळा तुमची आठवण येते" असं उत्तर दिलंस म्हणे. त्यानंतर त्यांनी औषध बदललं का? काकांना नमस्कार. ते माझी पत्रं घरातल्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवतात, म्हणून काही जागा मी मोघम ठेवल्या आहेत. त्या तू बरोबर ओळखशील.

इकडे मी खुशाल. बाबा अजून माझ्याशी बोलत नाहीत, आईमार्फत बोलतात. मीठ माझ्या हाताशी असलं तरी ते मागायला आईला स्वयंपाकघरातून बाहेर यावं लागतं. (कॉलेज मी का सोडलं ते तुला ठाऊकच आहे. प्राचार्य म्हणाले माफी माग, मी म्हणालो आधी तुम्ही मागा. मग दोघांपैकी एकाला जाणं भाग होतं, आणि ते कायम नोकरीत होते.)

तर मावशी, सध्या मी निवडणुकीत आहे. घाबरू नकोस, उभा नाही. नगराध्यक्षपदासाठी उभे आहेत ते एक निवृत्त मेजर आणि एक वकीलबाई. आजवर आमच्याकडे जे उभे राहायचे ते हात जोडायचे, हसायचे आणि बोलायचे काहीच नाहीत. ही दोघं बोलतात! मेजर एका सोसायटीत मतं मागायला गेले, ते आधी गच्चीवर चढले, पाण्याच्या टाकीत डोकावले आणि खाली येऊन सगळ्यांदेखत चेअरमनला म्हणाले, "ही टाकी तुम्ही शेवटची धुतलीत तेव्हा मी लेफ्टनंट असेन." वकीलबाई व्यापाऱ्यांच्या बैठकीला गेल्या. फेरीवाल्यांनी फूटपाथ अडवलाय अशी एका कापडवाल्याने तक्रार केली. बाई म्हणाल्या, "तुमच्या दुकानाची पायरीही फूटपाथवरच आहे. आत्ता तिच्यावर पाय देऊनच आले मी." येऊ घातलेला चहा आलाच नाही. अशी मतं उधळत दोघंही गावभर हिंडत होती आणि गर्दी मात्र वाढत होती, कारण आज कुणाची खरडपट्टी निघते हे बघायची प्रत्येकाला हौस, फक्त आपली निघू नये एवढंच. मला तर भलतंच कुतूहल लागून राहिलं. एकाने जन्मभर हुकूम सोडले, दुसरीने जन्मभर हुकमांवर अपिलं केली. मग दोघांनाही तीच एक खुर्ची कशाला हवी?

मी यात शिरलो तो कॉलेजवर दावा लावता येतो का हे विचारायला वकीलबाईंच्या ऑफिसात गेलो म्हणून. शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खालून शिलाई मशीनचा आवाज येतो, वर पंखा फिरला की फायलींच्या लाल नाड्या उडतात, आणि पक्षकारांच्या बाकाला एक पाय कमी असल्यामुळे त्याखाली जुन्या निकालांचा एक जाड खंड घातलेला आहे. (बाई म्हणतात, कायद्याचा आधार तो हाच.) तिथे बाईंची एक सहायक वकील आहे. सगळे तिला ज्युनिअर म्हणतात. मी मनातल्या मनात काय म्हणतो ते लिहीत नाही. तिने माझी कैफियत शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि म्हणाली, "केस अगदी कच्ची आहे. पण आवाज चांगला आहे." त्या दिवसापासून मी प्रचाराच्या जीपवर आहे. लोकांना वाटतं मी वकीलबाईंचा निष्ठावंत कार्यकर्ता. असू दे, वाटू दे. तिच्याबद्दल एवढंच सांगतो की बोलताना तिची एक बट पुढे येते ती ती कानामागे सारते, आणि हसू यायच्या आधी खाली बघते. (काका, पुढे वाचा.)

पुढे वाचनालयाने शाळेच्या हॉलमध्ये दोघांची समोरासमोर चर्चा ठेवली. वकीलबाईंच्या ऑफिसची एक पद्धत आहे. कुठल्याही खटल्याआधी ऑफिसातल्याच एकाने समोरच्याची बाजू घ्यायची आणि बाईंना जेरीस आणायचं, म्हणजे कोर्टात नवं काही ऐकावं लागत नाही. आता मेजर कोण होणार? टायपिस्टला उभं केलं, तर तो बाईंनी नजर वर करताच "सॉरी मॅडम" म्हणून बसला. तेव्हा ज्युनिअरने माझ्याकडे पेन रोखलं. "यांना करा. हे ओरडतात."

मावशी, मी मेजर झालो. छाती काढली, लाकडी पट्टी काखेत मारली. बाईंनी पहिलाच प्रश्न टाकला, "टेंडर म्हणजे काय, हे तरी तुम्हाला ठाऊक आहे का?" त्या 'तरी'ने माझं डोकंच फिरलं. मी टेबलावर अशी मूठ आपटली की स्टेपलर खाली गेला. "बॉम्ब पडत असताना टेंडर काढत बसलो असतो तर आज तुम्ही इथे बसून प्रश्न विचारत नसता!" बाई खूश. त्यांनी लगेच टिपून घेतलं: संतापी, लगेच भडकतो, भडकू द्यावा. ज्युनिअरने टाळी वाजवली. त्या टाळीवर मी कितीतरी दिवस जेवणाशिवाय राहिलो असतो, पण आई वाढत होती. रोज तालीम, रोज मूठ.

पण मला गप्प कुठे बसवतं? खरा मेजर असाच असेल का, हा किडा डोक्यात वळवळू लागला. एका दुपारी मी त्यांच्या बंगलीच्या कुंपणाला डोळा लावून उभा राहिलो. आतून आवाज आला, "तिथे काटे आहेत. फाटक उघडं आहे, आत ये." आत गेलो. दाराशी बूट उंचीप्रमाणे उभे, आणि भिंतीवर सबंध गावाचा नकाशा, त्यात जागोजाग टाचण्या. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं आणि मी भडाभडा सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता गचांडी. तर त्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे माझ्या जागी तू असतोस? वा!" मी ताठ होऊन म्हणालो की आमच्याकडचे प्रश्न मात्र मेलो तरी सांगणार नाही. ते म्हणाले, "सांगितलेस तर मीच तुला हाकलून देईन. पण त्या बाई बोलतात कशा, वागतात कशा, तेवढं करून दाखव. रणगाड्यासमोर उभा राहिलोय मी, वकिलासमोर कधी नाही."

मग काय, काकूंची काळी शाल पांघरून मी वकीलबाई झालो. (काकू म्हणजे मेजरांच्या पत्नी. शाल कपाटातून काढून देताना म्हणाल्या, "यांना निवडून आणा बाबा कुठेतरी. रिटायर झाल्यापासून माझ्या डब्यांना नंबर घालतायत.") एकदा मी धीर करून मेजरांना विचारलंच, तुम्हाला हे हवंय कशाला? त्यांनी टाचण्यांवरून बोट फिरवलं. "डोंगराच्या टोकावर, बर्फात, माझ्या जवानांना पाणी वेळेवर पोचायचं. इथे सपाटीवर या घरांना पोचत नाही. का, ते मला कळत नाही. विचारलं तर कुणी सांगत नाही. नगराध्यक्षाला तरी सांगतील." मला ते इतकं पटलं की दुसऱ्या दिवशी वकीलबाईंनाही विचारलं. त्या म्हणाल्या, "वीस वर्षं मी शेजाऱ्याशेजाऱ्यांचे तुंबलेल्या गटारावरून खटले चालवतेय. गटार साफ झालं असतं तर निम्म्या फायली उघडाव्याच लागल्या नसत्या." आणि मी मेजरांकडे जातो हे कबूल केलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "प्रश्न फोडले नाहीस ना? मग जा. एकतर्फी निकाल मला आवडत नाही." मावशी, दोघांनाही तेच हवं होतं आणि दोघंही ते एकमेकांना सोडून गावाला सांगत होती!

आता चर्चेचा दिवस ऐक. हॉल तुडुंब, खिडक्यांतही माणसं. मधे मुख्याध्यापिका, हातात शाळेची घंटा. वकीलबाई चिलखत घालून आल्यासारख्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी तो टेंडरचा प्रश्न 'तरी'सकट फेकला. मी कार्यकर्त्यांच्या रांगेत मूठ आवळून बसलो. मेजर शांतपणे म्हणाले, "नाही ठाऊक. समजावून सांगाल का?" बाईंच्या हातात पुढचे सगळे कागद होते, पण ते भडकलेल्या माणसासाठी लिहिलेले. त्यांनी एक उलटला, दुसरा उलटला आणि शेवटी कागद टेबलावर ठेवून खरंच समजावून सांगितलं: टेंडर कसं निघतं, कुठे अडतं, कुणाच्या खिशाशी थांबतं. मेजर वहीत लिहून घेत होते.

मग मेजरांची पाळी. ते उठले आणि इतक्या हळुवारपणे, जणू आजारी माणसाच्या उशाशी बसलोय अशा आवाजात म्हणाले, "ताई, तुम्हाला अवघड वाटणार असेल तर नका सांगू, पण तुमच्याने काय होणार नाही, ते कळलं तर बरं." बाई कडाडल्या, "अवघड कशाला वाटेल? मी काय काचेची आहे?" मेजर गोंधळले. पलटण भलत्याच मुक्कामी उतरवल्यासारखं त्यांनी सभागृहभर बघितलं, मी दिसलो, आणि ते मोकळेपणाने (मोकळेपणा हाच त्यांचा मुख्य दोष आहे) माइकवरून बोलले, "माफ करा. मला तुमची तयारी वेगळी करून दिली होती. या मुलाने दाखवलं की वकीलबाई मृदू बोलतात, बट कानामागे सारतात, आणि हसायच्या आधी खाली बघतात."

वकीलबाईंचे केस बारीक कापलेले आहेत, मावशी. आणि त्या हसल्याचं कोर्टात कुणाला आठवत नाही. आधी बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग ज्युनिअरकडे. मग पहिल्या रांगेने बघितलं. मग हॉलने. मग खिडक्यांनी. आणि ती बिचारी नेमकी त्याच क्षणी बट कानामागे सारत होती! जो हशा उसळला तो घंटेलाही आवरेना. मुख्याध्यापिका तर घंटा खाली ठेवून डोळे पुसत होत्या. तेवढ्यात टायपिस्ट मागून ओरडला, "आणि मेजर कुणावरून केला होतास रे?" मी ताडकन उठलो, "मी काही कुणावर भडकत नाही!" असं गरजलो आणि खुर्चीवर मूठ मारली. खुर्ची घडीची होती. ती घडी झाली.

चर्चा संपल्यावर ज्युनिअरने मला व्हरांड्यात गाठलं. म्हणाली, "मेजर म्हणून तुम्ही स्वतःलाच उभं करत होतात, हे मला पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं. वकीलबाई म्हणून कुणाला उभं केलंत, ते आता पानवाल्यालासुद्धा कळलंय. यावर तुमचं काय म्हणणं?" पाठ करून ठेवलेली वाक्यं होती, मावशी, चांगली लांबलचक. एकही आलं नाही. तोंडातून निघालं, "यस सर." ती खाली बघायला लागली, पण नंतर हसली की नाही ते मला दिसलं नाही, कारण तेवढ्यात कुणीतरी मोडक्या खुर्चीची भरपाई मागायला आलं.

असो. मी आता पूर्ण शांत आहे. प्रेमबीम या गोष्टींतून माझं मन उडालं आहे, आणि पुढे मी समाजकार्याला वाहून घेणार आहे. तुझ्या प्रकृतीला जप. घरात सगळ्यांना यथायोग्य.

तुझा,
(आईमार्फत बोलला जाणारा) भाचा

ता. क. पत्र टाकायचं राहून गेलं, तोवर निकालही लागला. वकीलबाई निवडून आल्या. मेजर मतदान केंद्रातून बाहेर येऊन सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी मत बाईंना दिलं, त्यांना टेंडर कळतं." काकू म्हणाल्या, "मीही." बाईंनी दुसऱ्या दिवशी मेजरांना पाण्याच्या कामावर बोलावून घेतलं. ते नकाशा टाचण्यांसकट घेऊन आले, आणि आता दोघं रोज कडाकडा भांडतात, अगदी मी करायचो तसं.

ता. क. २. मावशी, मन उडाल्याचं खरं धरू नकोस. ज्युनिअर म्हणते, तुम्ही तापट नाही असं तुमचं म्हणणं असेल तर एक साक्षीदार आणा, मग विचार करते. रविवारी, ऑफिसात. बाबा बोलत नाहीत आणि आई खरं बोलते, तेव्हा तूच ये. गुडघ्यासाठी मी जिन्यावरून खुर्चीत बसवून नेईन. हा लहानपणापासून शांत, एवढंच सांग. ती उलटतपासणी घेईल. तुमच्या रेडिओचं विचारलं तर तो आपोआप पडला. (काका, ही ओळ वाचू नका.)

ता. क. ३. घात झाला. हे पत्र मी वकीलबाईंच्या ऑफिसच्या टपालात टाकलं होतं. तिथून बाहेर जाणारं प्रत्येक पत्र आधी ज्युनिअर तपासते, आणि शिपायाने सवयीने हेही तिच्यापुढे ठेवलं. ते आत्ता परत आलं आहे. 'हा लहानपणापासून शांत' यावर तिने लाल शाईने काट मारली आहे आणि समासात लिहिलं आहे: "साक्षीदाराला पढवू नये. स्वभाव मला माहीत आहे, त्याबद्दल तक्रार नाही. मावशींना जिना चढायला लावू नका, रविवारी मीच त्यांच्याकडे येते." तेव्हा मावशी, आता काही लपवू नकोस, विचारेल ते खरं सांग. फक्त सगळं एकाच रविवारी नको.