घाटावरचं तीर्थ

श्रावण, सोमवार. दिवेलागण.

आज पांझरा नदीत कानबाई देवी बोळवली. नवा घाट, रंगीत लाइट, जो तो फोटो काढण्यात. मला पायरीखालचा गटारीचा पाइप दिसला. काळं पाणी, वर फेस. शी! सासूबाईंनी तेच तळहातावर घेतलं न् माझ्या तान्ह्या बाळाच्या तोंडात घातलं. तीर्थ म्हणून!

"अक्का, गटारीचं शे ते!" मी सासूबाईंना म्हटलं.

"नदी माय शे. काय व्हत नही. मोठी डॉक्टरीण!"

बाया हसल्या. मी नुसतं बाळाचं तोंड पदराने पुसलं. त्यांचा हात का नाही धरला? आता सारखा बाळाच्या कपाळाला हात लावते. गरम तर नाही ना? तो पाइप डोळ्यांपुढून जात नाही.

अक्का घरी आल्या, सरळ मोरीत गेल्या. साबणाने हात धुतले. वास घेतला. परत धुतले.