कातडं कुणाला घालायचं

ता. १४ एप्रिल १९८४

ती. आमास कुंझेसचा शि. सा. न. वि. वि.

लोकर न्यायला आलेला ट्रक तुमच्याकडे वर निघालाय, त्याच्याबरोबर हे पत्र धाडते. लग्नाला दोन महिने झाले. घर उबदार आहे, वाळवलेले जर्दाळू पोटभर मिळतात, थुंडुप भला माणूस आहे, घोरतो तेवढंच. तरी आमा, मला परत यायचंय. अबांना घोडा घेऊन पाठव.

कारण त्यांची पोर, थुंडुपच्या पहिल्या बायकोची, पाच वर्षांची. आई जाऊन तिला वर्ष झालं. मी घास पुढे केला की तोंड फिरवते. शेवटी म्हटलं, मेलेल्या कोकराचं कातडं पोरक्या कोकराला बांधून आपण मेंढीला फसवतो आणि ती त्याला आपलं समजून पाजते ना, तसंच करू. पेटीतून तिच्या आईचं पाठीवर घ्यायचं मेंढीचं कातडं काढलं आणि पांघरलं. पोर धावत येऊन पाठीला बिलगली. मी वळले, आणि माझं तोंड बघून अशी किंचाळली की शेजारीण मळतं पीठ टाकून धावत आली.

दोन दिवस पोर जेवली नाही. सासूबाई म्हणाल्या की या मेंढकीच्या डोक्यात मेंढ्याच भरल्यात. मी इथली नव्हेच गं. लवकर बोलाव.

तुझ्या मायेची भुकेली,
कुंझेस

ता. २ मे १९८४

चि. कुंझेसला आमाचे अ. उ. आ.

मी सांगतेय, शाळेचा मास्तर लिहितोय आणि मध्येच हसतोय, म्हणून अक्षर वाकडं. ऐंशी कोकरं झाली, सात थंडीनं गेली. वाऱ्यानं तंबूच्या दोऱ्या रोज आवळाव्या लागतात. अबांचा गुडघा परत कुरकुरतोय, तरी तुझं पत्र ऐकताच खोगीर शोधायला लागले. मीच त्यांना पौर्णिमेपर्यंत थांबवलंय.

अगं खुळे, अठरा वर्षं मेंढ्यांत काढलीस आणि कातडं कुणाला घालायचं तेच विसरलीस? कोकराला घालतात, मेंढीला नाही! भुकेलं कोकरू मिळेल त्या कासेला तोंड लावतं. अडून बसते ती मेंढी. लाथ मारते तीही मेंढीच.

तुझं पत्र तीनदा वाचून घेतलं. एवढं लिहिलंस, पण पोरीचं नाव एकदाही नाही, नुसती 'त्यांची पोर'. रागावत नाही गं. तुझा हट्ट माझ्याच दुधातला आहे. यायचंच असेल तर ये, तंबूत तुझी जागा कुणी घेतलेली नाही.

सगळ्यांना आमचा नमस्कार, जुले सांग आणि जिवाला जप,
तुझी आमा

ता. ११ मे १९८४

ती. आमास शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी तुझा राग आला, मग खूप रडले. खरं आहे. तिच्या चेहऱ्यात मला रोज तिची आई दिसायची. नाव घ्यायला जीभ वळायची नाही. यांगडोल तिचं नाव.

परवा ते कातडं तिच्यापुढे ठेवलं. तुझ्या आईचं आहे, न विचारता घेतलं, माझं चुकलं, असं सांगितलं. तुझ्या मापाचं करू का, असंही विचारलं. हो म्हणाली. पण कापताना शेजारी ठाण मांडून बसली आणि एकेक तुकडा उचलून ठेवला. आता दिवसभर ते पाठीवर घेऊन एवढीशी म्हातारी घरभर फिरते. जेवतेही. मला कुंझेस म्हणूनच हाक मारते, आणि मला ती गोड लागते.

काल तिनं विचारलं की शिवायला कुणी शिकवलं. माझ्या आईनं, म्हटलं. तुझी आई जिवंत आहे का, म्हणाली. हो म्हटल्यावर मोठ्ठे डोळे करून विचारते, मग तू तिच्याकडे जात का नाहीस? तुला घेऊन जाईन, एवढंच तोंडून निघालं. थुंडुपही हो म्हणालाय. कोकरं बघून महिन्याभरात परत फिरू.

अबा अजून निघाले नसतील तर दोन घोडे आणायला सांग, त्यातला एक अगदी गरीब. सकाळपासून ती बूट घालून उंबऱ्यावर बसली आहे.

आम्हा दोघींवर माया असू दे,
तुझी कुंझेस