माझे घर मंगल कार्यालय नाही, याविषयी

गुरुवार, दि. ९ जानेवारी

आदरणीय व्याही भगवानराव यांस,

सप्रेम जयभीम. या पत्रात मी एकच विधान सिद्ध करणार आहे आणि ते आरंभीच स्वच्छ मांडतो: माझे राहते घर हे मंगल कार्यालय नाही. तुम्ही म्हणाल, हे सांगायला पत्र कशाला? आमच्या गावच्या कर विभागाला ते गेले दोन महिने पटलेले नाही आणि येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता माझी सुनावणी आहे. ती गेली, तर वर्षाला एक हजार आठशे सत्तर रुपयांची जी घरपट्टी मी तेवीस वर्षे पहिल्याच आठवड्यात भरत आलो, ती सव्वीस हजार पाचशे चाळीस होईल आणि माझ्या निवृत्तिवेतनाचा एक संपूर्ण महिना दरसाल तिकडे जाईल. फोनवर हे बोलता आले असते; परंतु फोनवर युक्तिवाद पूर्ण होत नाही, कारण दुसऱ्या पायरीवर आमच्या सौ. मथुराबाई माझ्या हातून फोन घेतात.

तत्पूर्वी तुमचा गुडघा कसा आहे? तुम्ही मागे उजवा म्हणाला होता, आमची साधना परवा डावा म्हणाली. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असल्यास चिंता दुप्पट करावी लागेल, तेव्हा कळवावे. विहीणबाईंचा खोकला, जावईबापू राजदीप यांची नोकरी आणि मुकुटबनकडचा कापूस हे सर्व ठीक असेल अशी आशा करतो. (कापसाचे क्षेम विचारताना भाव विचारू नये हे मला समजते.) आमच्याकडे मथुराबाईंची प्रकृती उत्तम आहे. किंबहुना माझ्या आजच्या अडचणीचे ते एक प्रमुख कारण आहे.

आता मुद्द्यावर येतो. गेल्या मे महिन्यात साधना आणि राजदीप यांचा मंगल परिणय आमच्या अंगणात झाला, त्या दिवशी मंडपात दोन पँटवाले तरुण लाल किरण सोडणारे यंत्र घेऊन हिंडत होते, हे तुम्हांला स्मरत असेल. आमच्या मंडळींना ते तुमच्याकडचे फोटोवाले वाटले, म्हणून त्यांना कोणी काही विचारले नाही. मुलाकडच्या माणसाला ‘आपण कोण’ असे विचारणे म्हणजे काय, हे तुम्ही जाणता. तुमच्या मंडळींना ते आमचे वाटले, म्हणून तुम्हीही विचारले नाही. उलट मुलाकडचे समजून आमच्या पुतण्यांनी त्यांना आग्रह करकरून जिलेबी वाढली. वस्तुतः ते चार वर्षांतून एकदा होणाऱ्या कर मूल्यांकनासाठी आलेले, बाहेरगावच्या कंत्राटदाराचे मापाडी होते. त्यांनी साठ बाय चाळीसचा मंडप मोजला, पाचशे खुर्च्या मोजल्या, जनरेटर मोजला आणि फाटकावरच्या फुलांच्या कमानीवर जे नाव होते ते उतरवून घेतले. नोव्हेंबरात बिल आले, ते ‘साधना राजदीप मंगल कार्यालय’ या नावाने. वापर: वाणिज्य. (मुलीच्या लग्नाचा मंडप तिसऱ्या दिवशी उतरतो, ही गोष्ट सबंध वऱ्हाडाला ठाऊक आहे, फक्त यंत्राला ठाऊक नव्हती, आणि यंत्र जेवून गेले होते.)

मी चौतीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकविले. साहजिकच मी अकरा पानांचा हरकत अर्ज लिहिला. त्याचा गाभा एवढाच: जे मंगल कार्यालय असते ते भाड्याने दिले जाते, माझे घर भाड्याने दिले जात नाही, म्हणून माझे घर मंगल कार्यालय नाही. यातले कोणते वाक्य पाडता येते ते कोणीही दाखवावे. कर विभागाच्या खिडकीवर हिरासिंग बसतो. हा माझाच विद्यार्थी, अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा, तर्कशास्त्रात पस्तीस गुण. (ते पस्तीसही देताना मी दोनदा विचार केला होता.) त्याने उठून नमस्कार केला, मला खुर्ची दिली, अकरा पाने पालथी घातली आणि संगणकाकडे पाहून सांगितले की अर्ज उत्तम आहे, मात्र यंत्र हरकतीची तीनच कारणे स्वीकारते: मालक मयत, इमारत पाडली, किंवा नावात चूक.

“सर, आता तुमीच सांगा, मेलं म्हणून लिवू का पाडलं म्हणून? तिसरं जरासं पटते.”

मी पाऊण तास विचार केला. मी जिवंत होतो आणि घर उभे होते. दोन पर्याय असत्य ठरल्यावर तिसरा निवडणे हे शास्त्राला धरूनच होते. शिवाय नावात चूक होतीच. पंधरा दिवसांनी दुरुस्त बिल आले. चूक खरोखरच दुरुस्त झाली होती. त्यावर आता ‘धम्मरत्न मंगल कार्यालय’ असे होते.

इथवर फक्त माझी मानहानी झाली होती. पुढे जे घडले त्याने माझ्या युक्तिवादालाच धक्का बसला. कर विभागाने थकबाकीदारांची यादी कार्यालयाच्या भिंतीवर लावली आणि बाजाराच्या दिवशी ती सर्वांनी वाचली. घाटंजीकडच्या एका खेड्यातील मारोती नावाचे शेतकरी थकबाकी न वाचता नुसते ‘मंगल कार्यालय’ वाचून आमच्या फाटकात हजर झाले. मुलीचे साक्षगंध (म्हणजे साखरपुडा) ठरले होते आणि जी जागा घेतली होती तिच्या मालकाने ती दुसऱ्यालाही दिली होती. मी त्या वेळी पाण्याच्या बिलाविषयी स्वतंत्र अर्ज देण्यास गेलो होतो. (नळही वाणिज्य झाला आहे. त्याविषयी पुढील पानावर लिहिणार होतो, पण लिहीत नाही. संताप विषयांतर करवितो.) परत आलो तेव्हा मथुराबाईंनी त्यांना चहा देऊन मंगळवार दिलेलाही होता. मी म्हणालो, मंगळवारीच हिरासिंग स्थळपाहणीला येणार आहे. त्या म्हणाल्या, “दारात आलेलं शुभकार्य आपुन वापस लावत नाही. पाहणी सकाळची हाय न? कार्य चार वाजता हाय. तुमचं तर्कबिर्क जेवणाच्या आंधी आटपा.”

मी विचार केला, भाडे घेतले नाही तर माझे दुसरे वाक्य अबाधित राहते. म्हणून मी मारोतींना स्पष्ट बजावले की एक रुपयाही घेणार नाही. यावर ते आनंदित होतील ही माझी अपेक्षा होती. ते रडवेले झाले. “फुकटात साक्षगंध केलं म्हनतीन सोयरे. पोरीचा बाप हाव गुरुजी, नाक ठेवा माह्यं.” पैसे नको तर नको, म्हणून मंगळवारी त्यांनी बैलगाडीतून स्वतःच्या वावरातील नव्या तुरीचा एक कट्टा, चांगले भरलेले पोते, आणून ओसरीवर उतरविला आणि मथुराबाईंनी त्याला हात जोडले. मी त्याला भेट समजलो. भेट आणि भाडे यांतला भेद मी अकरावीच्या वर्गात दरवर्षी एक तास शिकवीत असे. त्या तासाला हिरासिंग बहुधा गैरहजर असावा.

कारण सकाळी अकराला यावयाचा तो साडेचारला आला. सर्व्हर बंद होता. त्या वेळी अंगणात मंडप होता, (लहान, तीस बाय वीस) दोनशे पाहुणे होते आणि मी स्वतः फाटकात उभा राहून मुलाकडच्या मंडळींना “या, बसा” म्हणत होतो. घरचा वडीलधारा माणूस दुसरे काय म्हणणार? चपला काढून हिरासिंग पंगतीत बसला, त्याने पातोडीची भाजी दोनदा घेतली आणि हात धुतल्यावर अत्यंत आदराने विचारले की भाडे किती घेतले. मी म्हणालो, काहीही नाही. मग त्याने ओसरीकडे बोट केले.

“अन् हे काय सर?”

“तूर,” मी म्हणालो. खोटे बोलण्याची मला सवय नाही.

त्याच्या अहवालातील नोंद मी पाहिली आहे. ‘वापर सुरू असल्याचे समक्ष आढळले. भाडे: तूर, एक कट्टा. भोजन: उत्तम.’ त्याच्या अक्षरात मात्र फार सुधारणा झाली आहे.

तरीसुद्धा, व्याहीबुवा, मी म्हणतो की एक साक्षगंध झाल्याने घराचे मंगल कार्यालय होत नाही, जसे एक पेशंट आल्याने घराचे हॉस्पिटल होत नाही. सोमवारी मी हे उभे राहून मांडणार आहे. माझी बाजू सत्य आहे, युक्तिवाद निर्दोष आहे आणि मी कर विभागापुढे तसूभरही मागे हटणार नाही. विहीणबाईंना व मुलांना जयभीम सांगावा.

आपला स्नेहांकित,
धम्मरत्न उकंडा नगराळे

ता. क. (त्याच दिवशी): पत्राचा हेतू वर लिहावयाचा राहिला. तुम्ही वन खात्यात वनपाल होता. चोरट्या सागाचे असे पंचनामे लिहिलेत की वकिलांनाही त्यात फट सापडली नाही. मे महिन्यात आमच्या घरी लग्न एकच झाले आणि मंडप तिसऱ्या दिवशी उतरला, असा पंचनामा पाच पंचांच्या सह्यांनिशी करून सोमवारपूर्वी पाठवावा. चोरट्या सागाचा जसा करीत होता तसाच करावा.

ता. क. (रविवार): पत्र अद्याप माझ्या टेबलावरच आहे. पंचनाम्याची घाई नको. त्याऐवजी तुमच्या विहार समितीचे स्वयंपाकाचे दोन मोठे गंज, चार झारे आणि तीनशे ताटे एवढे पाठवता येतील काय? गाडीभाडे आम्ही देऊ. आज संध्याकाळी हिरासिंग घरी आला. त्याच्या मुलीचे लग्न फेब्रुवारीच्या नऊ तारखेचे ठरले आहे आणि गावातील एकही जागा मोकळी नाही. मथुराबाईंनी चहा केला, म्हणजे काय झाले ते तुम्हांला कळले असेल. मी म्हणालो, हिरासिंग, उद्या सुनावणीत तू माझ्याविरुद्ध बसणार आणि आज माझ्याकडे अंगण मागतोस, यात विसंगती आहे. तो म्हणाला, विसंगती आहेच, म्हणूनच तो आधी आला. “मी टॅक्सातला मानूस सर. बिनटॅक्साच्या हॉलात माह्या पोरीचं लगन लावलं त लोक माह्यावरच अर्ज करतीन. तुमी भरून टाका न, मंग मले तोंड राहीन.” सोबत त्याचे होणारे व्याही होते. त्यांना त्याने माझी ओळख करून दिली की या सरांनी मला विचार करायला शिकविले. (या विधानाला कोणताही पुरावा नाही.) मी विचारासाठी एक रात्र मागून घेतली आहे.

ता. क. (मंगळवार): कबुलीजबाब. मी, धम्मरत्न उकंडा नगराळे, वय एकोणसत्तर, निवृत्त अध्यापक, पूर्ण शुद्धीवर असताना लिहून देतो की सोमवारी सकाळी साडेदहा वाजता, सुनावणीच्या अर्धा तास आधी, मी सव्वीस हजार पाचशे चाळीस रुपये रोख भरले. वादातले बिल भरताना पावतीवर ‘हरकत राखून’ हे दोन शब्द लिहावे लागतात, नाही तर वाद तिथेच संपतो. हे मी गावातील निदान तीस लोकांना आजवर समजावून सांगितले आहे. पावती माझ्या हाती देताना हिरासिंग खिडकीच्या आतून बाहेर आला आणि साऱ्या रांगेदेखत माझ्या पाया पडला. ते दोन शब्द लिहावयाचे राहिले. चूक माझी आहे.

(सही) ध. उ. नगराळे