दुपारचं बंदर

अहो,

तुम्ही गेल्यापासून आमोद मागे लागला होता. अखेर त्याने मला ग्रीसला नेलं. त्या बेटाचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही. बंदर एवढंसं, डोंगरावर पिवळी-गुलाबी घरं, आणि पाणी इतकं नितळ की होड्यांच्या सावल्या तळाशी दिसतात. पूर्वी इथली माणसं बुड्या मारून समुद्रातून स्पंज काढायची. पुढे कारखान्यात स्वस्त स्पंज होऊ लागला आणि तरुण मुलं बेट सोडून गेली. आपल्या दुकानात शाळेच्या पाट्यांशेजारी टांगलेले स्पंज आठवले. ते कारखान्यातलेच होते म्हणा.

दुपारी आमोदला लेकीसाठी काहीतरी घ्यायचं होतं, तर सगळी दुकानं बंद!

"आई, टुरिस्ट दारात उभे आणि हे झोपलेत. यांचा बिझनेस चालणार कसा?"

आपलं दुकानही दुपारी एक ते चार बंद असायचं. हिंजवडीला नोकरी लागली तेव्हा तुम्हालाही तो हेच म्हणाला होता. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "नाही चालला तर बंद करू. पण चारनंतर."

त्याने एक दार ठोठावलंच. वरच्या खिडकीतून बनियनमधला म्हातारा डोकावला, ग्रीकमध्ये एकच वाक्य बोलला आणि खिडकी लावून घेतली.

"काय म्हणाला हा?" आमोद वैतागला.

मी म्हटलं, "चारनंतर या."

आमोद हसला आणि हॉटेलवर गेला. मी मात्र त्या पायरीवर बसून राहिले. ऊन उतरलं. आतून कडी वाजली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, चहा टाकू?"

तुमची,
कुसुम