कुत्रीचा पट्टा परत आणला

आबा,

आज रविवार. सकाळी कपडे धुतले, गहू निवडायला घेतले, तेवढ्यात परतूरहून फोन आला. "ताई, कुत्री कुठं दिसून न्हाई राह्यली." त्यानंतर हातून काहीच काम झालं नाही. गहू अजून ताटातच आहेत.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, या कुत्रीचं तुम्हाला काहीच माहीत नाही. दसऱ्यानंतर वाटूर फाट्यावर मी गाडीची वाट पाहत होते. ती मागचा पाय उचलून आली आणि माझ्या पायाला टेकून बसली. काळीपिवळी जीप आली तरी उठेना. शेवटी ड्रायव्हरला विनवून तिला मांडीवर घेतलं आणि मस्तगडला खोलीवर आणलं. डॉक्टरांनी पाय वाचवला, पण लंगडणं राहिलं. घरमालकीणबाई खाली राहतात, स्वभावानं चांगल्या आहेत. त्या म्हणाल्या, "मॅडम, तिचा तरास बिलकुल न्हाई, पण माझी लेक बाळंतपणाला येऊन राह्यली. लेकरू घरात आल्यावर कसं जमंल?" त्यांचंही बरोबर होतं. तिला कायमचं घर शोधणं भाग होतं. ऑफिसातल्या एकानं तिला आपल्या गोदामावर नेलं आणि आठवडाभरात परत आणून सोडलं. "मॅडम, ही राखणीची न्हाई. चोर आला तर त्याच्या पायात लोळंल, अन् वरून गोदाम दाखवंल." सगळे हसले, मीही हसले. पण पुढच्या माणसानं परत आणण्याऐवजी रस्त्यातच सोडून दिली तर, हे तेव्हापासून डोक्यातून जात नव्हतं.

मग परतूरजवळ शेतातल्या आखाड्यावर घर करून राहणाऱ्या एक काकू भेटल्या. मुलं संभाजीनगरला, घरात दोघंच. कुत्री सरळ जाऊन काकूंच्या पायाशी बसली. ही भुंकत नाही, असं मी आधीच सांगून टाकलं. काकू म्हणाल्या, "भुंकायला आमचे हे हायेत की." काका तिच्यासाठी घमेल्यात पाणी घेऊन आले. मला तेवढं पुरलं.

काल तिला तिथं सोडून निघताना मी तिच्या गळ्यातला पट्टा काढून घेतला. काकू म्हणाल्या, "राहू द्या ना." मी म्हणाले, "आमच्यात देत नाहीत." त्यांनी मान हलवली. त्यांच्यातही देत नाहीत. मी चौथीत असताना तुम्ही गाय विकली, ते आठवतं. तुम्ही तिला पोचवून येता, खांद्यावर नुसतं दावं. आई भाकरी थापतेय, ती काही विचारत नाही. मीच विचारते. "जनावर द्यावं, दावं देऊ न्हाई, गोठा रिकामा पडतो," म्हणून तुम्ही हात धुवायला जाता. मी तेच केलं, आबा. पण त्या पट्ट्यावर मी पक्क्या शाईनं माझा फोन नंबर लिहिलेला होता. हे काल तिथं आठवलं नाही, येताना बसमध्येही नाही. आज फोन आला तेव्हा आठवलं. पट्टा माझ्याजवळ, आणि ती नुसतीच एक लंगडी कुत्री, कुणाच्याही मागे जाणारी. जवळून रेल्वे जाते. मी निघतेच म्हणाले, तर काकू म्हणाल्या, "थांबा, आम्ही शोधून राह्यलो." मी फोन हातात धरून बसले. पाण्याला उठले तरी फोन घेऊन.

दुपार कलल्यावर फोन आला. ती शेजारच्या रानात कापूस वेचणाऱ्या बायांमध्ये जाऊन बसली होती. "साऱ्याजणींच्या डब्यातलं खाऊन राह्यल्ती, अन् आम्ही हिकडं विहिरीत वाकून पाहून राह्यलो." मी म्हणाले, पट्टा घेऊन आत्ताच निघते. काकू म्हणाल्या, "ताई, राग धरू नका. तुम्ही येऊ नका आता. तुम्ही आल्या की ती तुमच्या मागं निघंल, मंग हितं टिकायची न्हाई. मी लुगड्याचा काठ बांधलाय गळ्यात. उद्या हे पट्टा आणतील, आमचा नंबर घालून." मी बरं म्हणाले.

गाय दिल्यावर तुम्ही बरेच दिवस त्या शिवाराकडे फिरकला नाहीत. मी गायीला भेटायला जाऊ म्हणून मागे लागले, तर रस्ता खराब आहे म्हणालात. मला ते खरं वाटलं होतं. कदाचित खराबच असेल.

हे तुम्हालाच सांगता येतं म्हणून लिहितेय, आणि हे कुठं पाठवायचं नाही म्हणूनही. सकाळपासून मी ती सापडावी म्हणत होते, पण तिथं नाही. तिनं रस्ता काढत इकडं यावं, असं मला वाटत होतं. परतूर किती लांब, तिचा पाय कसला, सगळं माहीत असून मी खालचं फाटक दिवसभर उघडं ठेवलं. काकूंचा फोन येऊन गेला तरी ते तसंच आहे. दिवेलागण झाली. आता खाली जाऊन कडी लावून येते.